विलायतेतली जुनी टपालपेटी वाचायची कशी?

इंग्लंडात नव्याने आलेल्या माणसाचे पहिले फोटो ठरलेले असतात. लाल बस, लाल टेलिफोन बूथ आणि लाल टपालपेटी. बसने तो पुढे रोजच जातो. बूथमधला फोन बहुतेक ठिकाणी कधीच गेला, आता तिथे कोणी वाचून झालेली पुस्तकं ठेवतं. टपालपेटी मात्र अजून नोकरीवर आहे. गंमत अशी की फोटो काढताना आपण नेमकी तिच्याकडे पाठ करून उभे राहतो. हा लेख वळून तिच्याकडे बघणाऱ्यांसाठी आहे.

मी इतिहासकार नाही. चालायला जायची सवय आणि वाटेतल्या प्रत्येक पेटीपाशी थांबायची खोड, एवढंच माझं भांडवल. घरचे आता माझ्यासाठी थांबत नाहीत, पुढे निघून जातात. पण ब्रिटनभर सुमारे १,१५,००० पेट्या आहेत आणि त्यांत व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या पेट्या रोजची पत्रं पोटात घेत उभ्या आहेत. हे एकदा कळलं की नुसतं पुढे निघून जाणं जमत नाही.

आधी बीड ओळखा

आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा मी तिला मोठ्या कौतुकाने कोपऱ्यावरची पेटी दाखवली. तिने बांगडीच्या हाताने तिच्यावर टकटक केलं आणि म्हणाली, "अगं, हे तर बिडाचं!" घावनाच्या तव्यावर आयुष्य काढलेल्या बाईला परीक्षा शिकवावी लागत नाही. तुम्हालाही तीच करायची आहे. बिडावर बोटाच्या पेराने ठोकलं तर आवाज दबका, ठोस येतो. पत्र्याची पेटी पोकळ वाजते. चुंबक लावून काही कळणार नाही, तो दोन्हीला चिकटतो.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात साधारण दोन ते चार टक्के कर्ब असतो, त्यामुळे ते पोलादापेक्षा कमी उष्णतेत वितळतं आणि वाळूच्या साच्यात कानाकोपऱ्यापर्यंत वाहत जातं. म्हणूनच पेटीवरचा मुकुट, अक्षरं, टोपीचा कंगोरा हे सगळं एकाच ओतीत उमटतं. वरून काही चिकटवलेलं नसतं. अक्षरांच्या कडेवरून बोट फिरवलं की ती पेटीच्या अंगातूनच उगवलेली आहेत हे जाणवतं. पावसापाण्यात बीड साध्या पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. खोट एकच. त्याला पोचा येत नाही, ते तडकतं. पेटीला पोचा दिसला तर ती पत्र्याची. केसासारखी चीर किंवा उडालेला टवका दिसला तर बिडाची.

टपाल खात्यानेही हा धडा पैसे मोजून घेतला आहे. १९६८ साली त्यांनी पत्र्याच्या चौकोनी पेट्या काढून पाहिल्या. इथल्या पावसाने त्या गंजू लागल्या आणि १९७४च्या नव्या चौकोनी नमुन्यासाठी खातं मुकाट्याने पुन्हा बिडाकडे वळलं.

मग पोटावरची राजमुद्रा

नवख्याला सगळ्यात लवकर जमणारी पायरी ही. पेटी बसवली त्या काळी गादीवर कोण होतं, त्याची अक्षरं दारावर किंवा दाराच्या जवळपास असतात. 'आर' हे अक्षर जवळजवळ सगळीकडे सापडेल. लॅटिनमध्ये राजा 'रेक्स' आणि राणी 'रेजिना', दोघांचंही आद्याक्षर एकच. त्याच्या सोबतचं अक्षर बघायचं.

'व्ही' म्हणजे व्हिक्टोरिया. १९०१ पर्यंतची पेटी. 'ई' आणि रोमन सात म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. याची अक्षरं वेलबुट्टीसारखी एकमेकांत गुंतलेली असतात. नवखे लोक घाईत ती दुसऱ्या एलिझाबेथची समजतात, कारण 'ई' आणि 'आर' दोन्हींत आहेत. एलिझाबेथची अक्षरं साधी, सुटी आणि मध्ये रोमन दोन. नुसतं 'जी' आणि 'आर', आकडा नाही, तर पाचवा जॉर्ज, १९१० ते १९३६. 'जी'च्या जोडीला रोमन सहा असेल तर सहावा जॉर्ज, १९५२ पर्यंत. सध्याच्या तिसऱ्या चार्ल्सची पहिली पेटी २०२४च्या जुलैमध्ये केंब्रिजशायरमधल्या ग्रेट केंबॉर्न या गावी उघडली गेली. पत्रं आटलेल्या काळात नवी पेटी बसणं दुर्मीळच, त्यामुळे चार्ल्सच्या पेट्या फार होतील असं मला वाटत नाही.

आठवा एडवर्ड गादीवर बसला २० जानेवारी १९३६ला आणि ११ डिसेंबरला उतरला. वर्षही पुरं नाही. त्याच्या अक्षरांच्या उभ्या पेट्या दीडशेच्या आसपासच बनल्या. तुमच्या गल्लीत त्यांतली एखादी असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. मी तीन पाहिल्यात, तिन्ही वेळा भलत्याच कामाला निघालेली असताना.

स्कॉटलंडमध्ये गेलात तर एलिझाबेथची अक्षरं सापडणार नाहीत, नुसता स्कॉटिश मुकुट दिसेल. कारण स्कॉटलंडवर पहिली एलिझाबेथ कधी राज्यच करत नव्हती, मग ही 'दुसरी' कशी, असा वाद पेटला. एडिनबरामधल्या इंच वसाहतीत १९५२च्या नोव्हेंबरमध्ये बसवलेल्या पेटीवर डांबर फासलं गेलं, हातोडे पडले आणि १९५३च्या फेब्रुवारीत ती चक्क स्फोटाने उडवली. त्यानंतर तिकडे आकडा घालायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. आयर्लंडने याच्या उलट केलं. १९२२ नंतर व्हिक्टोरियाच्या आणि एडवर्डच्या पेट्या तशाच ठेवल्या, फक्त हिरव्या रंगवून टाकल्या. राणीची अक्षरं हिरव्या रंगाखाली अजून उमटून दिसतात. मला विचाराल तर राज्य गेल्याचं इतकं स्वस्त आणि टिकाऊ जाहीर निवेदन दुसरं नाही.

एक सावधगिरी. राजमुद्रा म्हणजे तारीख नव्हे. ती फक्त काळाची चौकट देते. भिंतीतल्या पेट्यांची दारं बदलली जातात, त्यामुळे चौकट एका राजाची आणि दार दुसऱ्याचं असंही सापडतं.

आकार आणि तोंड

या पेट्या मुळात इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या मधल्या समुद्रातल्या चॅनेल बेटांवर आल्या. अँथनी ट्रोलोप, हो, तोच कादंबरीकार, तेव्हा टपाल खात्यात नोकरीला होता. फ्रान्समध्ये रस्त्यावर पेट्या असतात, तशा इथे लावून बघू, अशी शिफारस त्याने केली आणि नोव्हेंबर १८५२मध्ये जर्सी बेटावर सेंट हेलियर गावात चार पेट्या उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी गर्न्सी बेटावर. तिथल्या युनियन स्ट्रीटवरची १८५३ची पेटी आजही वापरात आहे. मुख्य भूमीवरची सगळ्यात जुनी वापरातली पेटी डॉर्सेटमध्ये होलवेलजवळ बार्न्स क्रॉसला आहे. ती अष्टकोनी आहे आणि तिचं तोंड उभं आहे. हे उभं तोंड लक्षात ठेवा. आडव्या फटीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की उभी फट दिसली तर ती पेटी अगदी सुरुवातीच्या पिढीतली समजायला हरकत नाही.

रंगही आधी लाल नव्हता. १८५९ पासून हिरवा होता, आणि तो आसपासच्या झाडोऱ्यात इतका मिसळून जाई की लोकांना पेटीच सापडेना. १८७४पासून लाल रंग द्यायला घेतला. सगळ्या पेट्या लाल व्हायला दहा वर्षं गेली.

सगळ्यात देखणी जात पेनफोल्डची. जॉन पेनफोल्ड या वास्तुविशारदाने १८६६ साली आखलेली, षटकोनी, टोपीवर पानांची नक्षी आणि वर कळी. १८७९ पर्यंत तिचंच राज्य होतं. बघायची तर चेल्टनहॅमला जा, त्या एका गावात आठ आहेत. १८७९ला गोल नमुना आला आणि त्यात एक मजा झाली. डर्बीच्या हँडीसाइड कारखान्याच्या साच्यात राणीची अक्षरंच नव्हती, 'पोस्ट ऑफिस' हे शब्दही नव्हते. चूक सुधारायला १८८७ उजाडलं. आठ वर्षं खातं बिनानावाच्या पेट्या रस्त्यावर रोवत होतं. त्यामुळे गोल, जुनी आणि कोरी पेटी दिसली तर "हिच्यावर काहीच नाही" म्हणून पुढे जाऊ नका. काहीच नसणं हीच तिची खूण.

भिंतीतल्या पेट्या १८५७पासूनच्या. खांबाला लटकवायच्या छोट्या पेट्या १८९६पासूनच्या. खेड्यापाड्यात याच दोन जास्त भेटतात आणि चोरीलाही याच जास्त जातात, कारण त्या उचलता येतात. उभ्या पेटीचं तसं नसतं, तिचा बराच भाग जमिनीखाली गाडलेला असतो.

वाकून बुंधा बघा

लंडनमध्ये पर्यटकांच्या गर्दीत मला पहिली पेनफोल्ड दिसली तेव्हा मी हरखून दोन डझन फोटो काढले आणि या विषयातल्या एका जाणकाराला पाठवून दिले. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: "बुंध्यावर नाव कोणाचं आहे?" मी बुंधा पाहिलाच नव्हता. परत गेले, वाकले, तर मूळ कारखान्याचं, कॉक्रेनचं, नाव नाही. पेटी १९८०च्या दशकाच्या अखेरीला काढलेल्या हुबेहूब नकलांपैकी निघाली. खऱ्या पेनफोल्डच्या पायाशी डडलीच्या कॉक्रेन ग्रोव्ह कंपनीचं नाव असतं.

तेव्हापासून मी आधी वाकते. फुटपाथवर येणारे-जाणारे बघतात, काही हरवलं का विचारतात. बघू द्या. बुंध्याच्या काळ्या पट्ट्यावर कारखान्याचं नाव उठावात असतं, पण त्यावर रंगाचे कित्येक थर चढलेले असतात आणि अक्षरं बुजून नुसते फुगवटे उरतात. अशा वेळी आपल्याकडे वीरगळ आणि शिलालेख वाचणारे करतात तेच करायचं. मोबाइलची टॉर्च जमिनीलगत, पेटीच्या अगदी कडेला आडवी धरायची. उजेड तिरका पडला की प्रत्येक फुगवट्याला सावली येते आणि नाव उभं राहतं. समोरून फ्लॅश मारलात तर काही दिसणार नाही. संध्याकाळी हे उत्तम जमतं. बुंध्याला गवत आलं असेल तर हाताने बाजूला सारा. चाकू, किल्ली, ब्रश यांतलं काहीही रंगाला लावू नका. तो रंगच बिडाचा रेनकोट आहे.

हँडीसाइडचं नाव असेल तर पेटी साधारण व्हिक्टोरियाच्या उत्तरार्धातली किंवा एडवर्डच्या सुरुवातीची. कॅरनचं असेल तर विसाव्या शतकातली. कॅरन ही फॉल्कर्कजवळची १७५९ची भट्टी, नेपोलियनच्या काळात जहाजांवर चढवायच्या तोफा ओतणारी. पुढे तिथेच टेलिफोन बूथ आणि टपालपेट्या ओतल्या गेल्या. १९८२मध्ये ती बुडाली.

कधी कधी नाव अर्धंच दिसतं, खालची अर्धी ओळ डांबरात गेलेली. पेटी खचलेली नसते, रस्ता वर आलेला असतो. तेवढ्यावरूनही ती तिथे बरीच वर्षं उभी आहे हे कळतं.

ती तिथेच का हवी

नवख्यांचा पहिला प्रश्न नेहमी किमतीचा असतो. "अशी पेटी कितीला जाते?" लिलावात जुन्या पेट्या येतात, लोक बागेत नेऊन ठेवतात. घ्यायचीच तर रीतसर विक्रीची पावती मागा, कारण चोरलेल्या पेट्याही बाजारात फिरतात. पण बागेतली पेटी आणि कोपऱ्यावरची पेटी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्या कोपऱ्यावरून कधीकाळी किती घरं पत्रं टाकत होती, स्टेशन कुठे होतं, गावाची वेस कुठवर होती, हे ती उभी असलेली जागा सांगते. आमच्याकडे एका निर्जन वळणावर भिंतीत व्हिक्टोरियाची पेटी आहे. आसपास एकही घर नाही. जुना नकाशा काढून बघितला तर तिच्यासमोर रेल्वेचं छोटं स्टेशन होतं. रूळ गेले, फलाट गेला, पेटी राहिली. ती उचलून बागेत ठेवली असती तर स्टेशनाचा शेवटचा साक्षीदारही गेला असता.

खात्यालाही हे पटलेलं आहे. २००२मध्ये रॉयल मेल, म्हणजे इथली टपालसेवा, आणि वारसा जपणारी तेव्हाची संस्था इंग्लिश हेरिटेज यांनी मिळून धोरण ठरवलं की वापरातल्या पेट्या शक्यतो आहेत तिथेच आणि चालू ठेवायच्या. २०१५मध्ये तिचं काम पुढे चालवणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंडबरोबर ते नव्याने मांडलं. संरक्षित वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत मात्र मोजक्याच पेट्या आहेत. यादीतली पेटी हलवायची किंवा बदलायची तर रीतसर परवानगी लागते. तुमची पेटी त्या यादीत आहे का, हे हिस्टॉरिक इंग्लंडच्या संकेतस्थळावर रस्त्याचं किंवा गावाचं नाव टाकून पाच मिनिटांत बघता येतं.

२०२५पासून रॉयल मेल काही पेट्यांना सौर पट्टी आणि पार्सल टाकायचं, बारकोड दाखवल्यावर उघडणारं कप्प्याचं दार बसवते आहे. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. मला त्यात वाईट दिसत नाही, अट एकच, नवं दार नव्या पेट्यांना बसवावं. पत्रं नाहीत म्हणून पेटी बंद होण्यापेक्षा पार्सलांमुळे ती चालू राहिली तर बरंच.

नोंद करा, नाहीतर बघून उपयोग काय

सहा फोटो पुरतात. समोरून संपूर्ण पेटी, राजमुद्रा जवळून, तोंड, बुंध्यावरचं नाव, टपाल काढण्याच्या वेळेची पाटी आणि सगळ्यात महत्त्वाचा तो आसपासच्या परिसरासकट दुरून. शेवटचा लोक हमखास विसरतात. त्या पाटीवर पेटीचा स्वतःचा क्रमांक असतो, आधी पोस्टकोडचा भाग आणि पुढे आकडा. तो लिहून घ्या, तारीख घाला. पोस्टमन पेटी उघडत असेल तेव्हा लांब थांबा. आतली पत्रं फोटोत आलेली कोणाला आवडत नाहीत.

मग ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणालाही भर घालता येणाऱ्या इंटरनेटवरच्या नकाशावर जा. तिथे टपालपेटीची खूण टाकता येते आणि राजमुद्रा कुठली हेही नोंदवता येतं. तुमच्या भागातल्या कित्येक पेट्यांची राजमुद्रा कोणी भरलेलीच नसेल. अधिक खोलात शिरायचं असेल तर १९७६पासून चालणारा लेटर बॉक्स स्टडी ग्रुप आहे. त्यांनी प्रत्येक नमुन्याला क्रमांक दिलेले आहेत. प्रत्यक्ष हात लावून बघायच्या तर लंडनचं पोस्टल म्युझियम.

गाडीची धडक बसून पेटी तडकलेली दिसली, दार लोंबत असलं, किंवा पेटीचं तोंड अचानक बंद केलेलं आढळलं, तर क्रमांक देऊन रॉयल मेलला कळवा आणि गावच्या कौन्सिलच्या वारसा अधिकाऱ्यालाही प्रत पाठवा. तडकलेलं बीड पुष्कळदा धातूचे टाके घालून जोडता येतं. फुटली म्हणजे संपली असं नसतं.

सुट्टीत घरी गेलात तर

हीच नजर आपल्याकडेही चालते, थोड्या फरकाने. पेटीवर सहा आकडी पिन कोड रंगवलेला असेल तर तो रंग १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. ती पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्याच कोकणातले, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पण रंग नवा म्हणून पेटी नवी असं होत नाही. ठोकून बघा, वाकून बघा. केरळात गेलात तर त्रावणकोर संस्थानाच्या 'अंचल' टपालाच्या हिरव्या षटकोनी पेट्या अजून काही ठिकाणी जपून ठेवलेल्या आहेत. त्यांच्यावर राणीची अक्षरं नाहीत, शंख आहे. ते संस्थानी टपाल १९५१मध्ये भारतीय टपाल खात्यात विलीन झालं.

आणि घरच्या ग्रुपवर "१ सप्टेंबर २०२५पासून लाल पेट्या बंद" असा निरोप अजून फिरत असेल तर तो थांबवा. २०२५मध्ये रजिस्टर पोस्टाची सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली, इतकंच. पेट्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

शेवटची पायरी, जी बहुतेक जण गाळतात

पेटीत पत्र टाका. इथलं नेहमीचं तिकीट बारकोडवालं लागतं, राणीच्या चेहऱ्याची बिनबारकोडची रोजची तिकिटं ३१ जुलै २०२३ नंतर चालत नाहीत. भारतात पाठवायचं तर आंतरराष्ट्रीय तिकीट मागून घ्या. टाकण्याआधी पाटीवरची वेळ वाचा. संध्याकाळी पेटी उघडते हा आपला जुना समज, इथे आता बऱ्याच पेट्या सकाळीच उघडतात आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत पत्र आतच बसतं. आमच्या कोपऱ्यावरच्या पाचव्या जॉर्जची वेळ सकाळी नऊची आहे. आईला दर महिन्याला कार्ड पाठवते, आणि दर महिन्याला सव्वानऊला तिथे पोचते.